सहा नंबरची डबी

"सुई शून्यावर आली की श्वास सोडायचा नाही," निटूरकर सर म्हणाले. "श्वासानंसुद्धा हात हलतो."

मी श्वास धरला. लाकडी पट्टीवर एक मीटर लांबीची तार ताणलेली होती. तिच्यावर मी जॉकी, म्हणजे पितळी टोकाची ती छोटी दांडी, अलगद टेकवली. सुई डावीकडं झुकली. जरा सरकवली, उजवीकडं झुकली. मधे आणली. सुई थांबली.

"किती?"

"एकसष्ट पॉइंट चार."

"परत घे."

परत घेतलं. एकसष्ट पॉइंट चार.

"आता लिही. आणि आलेलं लिहायचं, हणमंत. यायला पाहिजे ते नाही."

शहाण्णव सालचा जानेवारी होता. कॉलेज सुटलेलं, प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. बारावी सायन्सला तेव्हा सगळा खेळ फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित या तीन विषयांच्या मार्कांचा होता. त्याला सगळे 'ग्रुप' म्हणायचे. ग्रुप चांगला बसला तर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, एका मार्कानं घसरला तर घरी. आणि ग्रुपमध्ये प्रॅक्टिकलचे मार्क धरायचे. बाहेरगावचा परीक्षक यायचा, पोरं चिठ्ठी उचलून प्रयोग घ्यायची, आणि अर्ध्या दिवसात वर्षाचं काय ते व्हायचं.

निटूरकर सरांची शिकवणी गावात सगळ्यात मोठी होती. मी तिच्यात नव्हतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनदा विचारलं होतं, "लावायची का?" मी दोनदा नको म्हणालो होतो. आणि तरीही सरांनी एवढ्या पोरांतून मला उचललं. कॉलेज सुटल्यावर थांब म्हणाले. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. निवडला गेलेला पोरगा कारण विचारत नसतो. तो फक्त छाती फुगवून घरी जातो.

प्रयोगशाळेत आठ डब्या होत्या. काडेपेटीच्या दुप्पट, सागवानी, वर पांढऱ्या रंगात नंबर. प्रत्येकीच्या आत तारेचं एक वेटोळं. त्या वेटोळ्याचा विद्युतरोध किती, हे शोधणं हाच परीक्षेतला प्रयोग. आकडे कुठंच लिहिलेले नव्हते. सरांनी माझ्याकडून आठही डब्या मोजून घेतल्या. एकेक डबी पाच-पाच वेळा. मग भिंगं मोजून घेतली, स्प्रिंगा मोजून घेतल्या. सगळं चाळीस पानी वहीत.

"सर, तुम्ही लिहिता का? मी सांगतो."

"छे. तूच लिही. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे."

वही रोज ते आपल्या पिशवीत टाकून घरी न्यायचे. मला वाटायचं, तपासायला नेतात.

*

आमचं दुकान नांदेड रस्त्यावर, धान्याच्या मोंढ्याच्या कोपऱ्याला. 'पांचाळ मोटार रिवायंडिंग.' जळालेल्या मोटारी यायच्या, आप्पा आतली काळी पडलेली तार तोडून काढायचे, नवी भरायचे. शाळेत होतो तेव्हापासून मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. तारेचं रीळ कानाजवळ धरून फिरवायचं, आवाजावरून ताण कळतो, हे मला कुठल्या सरानं शिकवलेलं नाही.

त्याच महिन्यात एका रविवारी गिरणीवाले लखुशेठ हमालाच्या डोक्यावर मोटार देऊन आले. आल्या आल्याच तोंड सुटलं.

"मिस्त्री, मोटार बांधली होती का थट्टा केली होती? दळण पडलंय गावाचं. बाया माझ्या नावानं बोटं मोडायल्यात."

"कधी नेली होती, शेठ?"

"पावती हरवली. पण तूच बांधली."

"रेल्वे फाटकावरबी एक दुकान हाय."

"म्हणजे मी खोटं बोलायलोय?"

"तसं कोण म्हणलं? मोटारीलाच विचारू."

आप्पांनी चार बोल्ट काढले, झाकण उचललं, जळकट वास आला. बॅटरी लावून आत बघितलं. त्यांना बघायची होती गाठ. वायंडिंग भरून झालं की तारांचा गठ्ठा सुती दोऱ्यानं आवळतात आणि शेवटी गाठ मारतात. कुणी कशीही मारतं. आप्पांची वेगळी होती. तीन वेढे उजवे, एक डावा, आणि शेंडा आतून वर. माझा आजा गाडीची चाकं करायचा, चाक आवळायच्या दोरीला तो मारायचा ती गाठ ही. गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, मी सोडून.

"गाठ माझी हाय," आप्पा म्हणाले. "ठेवून जा."

लखुशेठ गेल्यावर मी म्हणालो, "आप्पा, ही आखाडात नेलेली. मला आठवतंय. सहा महिन्यांच्या वर झाले. गॅरंटी संपली की."

"मलाबी आठवतंय."

"मग?"

"आपली म्हणलं ना एकदा. आता काय दिवस मोजत बसायचं?" आणि हातोडी उचलून ते तार तोडायला लागले.

त्या वाक्यासाठी मी तेव्हा त्यांच्याकडं देवाकडं बघावं तसं बघितलं होतं. म्हणून हे सांगतोय.

*

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलेजचा शिपाई दुकानात आला. निटूरकर सरांनी ताबडतोब बोलावलंय.

प्रयोगशाळेत सर घामाघूम होऊन उभे होते. समोर सहा नंबरची डबी उघडी.

"सुई हलतच नाही रे. मेली ही. उद्या परीक्षक येणार, आणि आठ डब्यांच्या सात दाखवू? माझी अब्रू जाईल."

मी वेटोळं काढून बघितलं. आत तार तुटली होती, आणि तुटली तिथं गंजून भुगा झाली होती. कपाटात त्याच तारेचं जुनं रीळ होतं. आधी किती वेढे होते ते मोजायला काही शिल्लकच नव्हतं. मी अंदाजानं भरली. कागद घातला, दोरा आवळला, गाठ मारली. तीन उजवे, एक डावा, शेंडा आतून वर. हाताला दुसरी येतच नव्हती. सर शेजारी उभे राहून बॅटरी धरत होते. झाकणाचे स्क्रू त्यांनी स्वतः पिळले.

मग मी मोजली. आधी चार पॉइंट सात ओहम होती. आता तीन पॉइंट नऊ.

"सर, आकडा बदलला. तीन पॉइंट नऊ आलाय."

"बरं, बरं. चालू झाली ना? बस्स."

"वहीत चार पॉइंट सात आहे. दुरुस्त करायला पाहिजे."

"वही घरी आहे. तू जा आता, उद्या तुझी परीक्षा आहे." मग खांद्यावर हात ठेवला. "हणमंत, तू माझं नाव काढणार."

तो हात मी खांद्यावर वागवत होतो. परीक्षेच्या दिवशी दुपारपर्यंत.

*

परीक्षक परभणीचे काझी सर. उंच, सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला. हसायचं माहीत नसावं असा चेहरा. सकाळची तुकडी होऊन गेली होती, आमची दुपारची. बाहेर व्हरांड्यात शैलजा वट्टमवार कंपासपेटी छातीशी धरून उभी होती. सरांच्या शिकवणीतली हुशार मुलगी. वडिलांचं कापडाचं दुकान.

"हणमंत, तुझं अक्षर काय सुंदर आहे रे!"

"तू कुठं बघितलंस?"

ती हसली. "सगळ्यांनीच बघितलंय."

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी केलेला तक्ता होता. मला वाटलं, त्याचंच बोलतेय. मुलीनं अक्षराचं कौतुक केलं, तेवढ्यानं माझे कान गरम झाले. इतका मी येडा होतो.

चिठ्ठ्या उचलल्या. मला भिंगाचा प्रयोग आला. शैलजाला सहा नंबरची डबी.

माझं काम सुरळीत चाललं होतं. तासाभरानं काझी सर फिरत फिरत शैलजाच्या टेबलापाशी थांबले. तिची वही उचलली.

"चार पॉइंट सात. सकाळी या डबीवर जो मुलगा होता त्याचंही चार पॉइंट सात. छान." मग वाकून बघितलं. "बेटा, ही वायर कुठं जोडलीय?"

शैलजानं बघितलं. वायर स्क्रूला लावलेलीच नव्हती. नुसती टेकवून ठेवलेली.

"सुई हलली नसेल. मग हे सहा रीडिंग आले कुठून?"

तिनं कंपासपेटी जवळ ओढली. काझी सर स्टूल ओढून तिच्या जागी बसले. वायर घट्ट केली, जॉकी हातात घेतली. सगळी तुकडी कामं सोडून बघायला लागली. एकदा मोजलं. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"तीन पॉइंट नऊ. दोन्ही मुलांचं चार पॉइंट सात, आणि माझं तीन पॉइंट नऊ. कमाल आहे! कंपासपेटी उघड."

पेटीत कर्कटकाच्या खाली झेरॉक्सचा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. काझी सरांनी तो टेबलावर पसरला. आठ डब्या. भिंगं. स्प्रिंगा. प्रत्येकासमोर उत्तर. माझा एक. माझा सात. माझा शेपटीवाला नऊ.

"अक्षर कुणाचं आहे हे?"

निटूरकर सर पुढं आले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. सावकाश वाचलं.

"हणमंत पांचाळचं," ते म्हणाले.

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला वाटलं, सर आता पुढचं वाक्य बोलतील. 'मी लिहून घेतलं त्याच्याकडून.' एवढंच वाक्य होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. सरांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

"शैलजा," ते म्हणाले, "घाबरू नकोस. हणमंतनंच दिली ना चिठ्ठी?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मान हलवली.

इथून पुढं मी त्या माणसाला सर म्हणणार नाही. हे सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवायला त्याला दहा मिनिटं लागली असती. 'तूच लिही, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे.' जानेवारीपासून, पहिल्या दिवसापासून, त्यानं ही तजवीज करून ठेवली होती.

*

प्राचार्यांच्या खोलीत चौघं होतो. प्राचार्य, काझी सर, निटूरकर, मी. प्राचार्य टेबलावरची काच पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "संस्थेचं नाव आहे हो."

"चिठ्ठ्या विकल्या?" काझी सरांनी मला विचारलं.

"नाही. ही माझी वही आहे. निटूरकर सरांनी माझ्याकडून मोजून घेतली. रोज घरी न्यायचे."

"काय बोलतोस!" निटूरकर म्हणाला. आवाजात राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं होतं. तेच जास्त झोंबलं. "मी या मुलाला फुकट वेळ दिला साहेब. गरीब घरचा म्हणून प्रयोगशाळा उघडी ठेवली. त्याचं हे फळ."

मी काझी सरांकडं वळलो. "सर, एक ऐका. चिठ्ठी मी वाटली असती तर सहा नंबरचा आकडा खोटा कशाला वाटला असता? डबी काल बिघडली. मीच भरली. तीन पॉइंट नऊ हे काल दुपारपासून दोघांनाच माहीत होतं. मला आणि यांना. यांनी ऐकून घेतलं नाही, कारण यांच्या झेरॉक्स आधीच निघाल्या होत्या."

काझी सरांचा चेहरा पहिल्यांदा हलला. "काल याच्याकडून डबी दुरुस्त करून घेतलीत?"

"नाही," निटूरकर म्हणाला. "परीक्षेच्या साहित्याला विद्यार्थी हात लावत नाही. गेल्या वर्षी आम्ही नांदेडहून भरून आणली होती."

इतकं सरळ. पापणी नाही लवली.

"डबी उघडा," मी ओरडलो. "आत गाठ आहे. आमच्या दुकानाची गाठ आहे."

काझी सरांनी स्वतः स्क्रू काढले. पांढरा, कोरा दोरा. वर्षापूर्वीचा दोरा असा पांढरा राहत नाही, पण हे त्या खोलीत मी सोडून कुणाला कळणार होतं? मी गाठ दाखवली. तीन उजवे, एक डावा, शेंडा आतून वर.

"अशी गाठ कुणीही मारेल," प्राचार्य म्हणाले.

"नाही मारणार. आमच्या आप्पांना बोलवा. ते काय म्हणतील ते मला मान्य."

काझी सर थोडा वेळ गाठीकडं बघत राहिले. "वडील काय करतात?"

"मोटारी बांधतात. दिगंबर मिस्त्री. गावात कुणालाही विचारा, आप्पा गाठीबाबत खोटं बोलत नाहीत."

"बोलवा त्यांना."

"मी घेऊन येतो," निटूरकर लगेच उठला. "स्कूटर आहे माझी."

दुकान कॉलेजपासून पाच मिनिटांवर. स्कूटर अर्ध्या तासानं आली. त्या अर्ध्या तासात मी खुर्चीत ताठ बसून होतो. खरं तर मला मजा वाटायला लागली होती. निटूरकर आपल्याच स्कूटरवर बसवून आपला काळ घेऊन येतोय, असं काहीतरी मनात चाललं होतं.

आप्पा दारात आले. चपला बाहेर काढल्या. बोटं व्हार्निशनं काळी. सगळ्यांना हात जोडले. माझ्याकडं बघितलं नाही.

"बसा," काझी सर म्हणाले.

"उभाच बरा हाय, साहेब."

"हे बघा. ही गाठ तुमच्या दुकानाची आहे का?"

आप्पांनी डबी तळहातावर घेतली, खिडकीपाशी गेले. उजेडात धरली. अंगठा दोऱ्यावरून फिरवला. शेंड्यापाशी अंगठा थांबला. मोटार उघडली की थांबायचा तसा थांबला. मी ओठातल्या ओठात म्हणत होतो, गाठ माझी हाय, गाठ माझी हाय.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "ही गाठ आमची न्हाई."

खोलीत पंखा फिरत होता, त्याच्या बेअरिंगचा आवाज येत होता. एवढंच मला आठवतं.

"नीट बघा," काझी सर म्हणाले. "मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"बघितलं साहेब. तीस वर्षं झाली हेच काम करायलाव. आमची न्हाई."

"आप्पा!" मी म्हणालो.

"गप," आप्पा म्हणाले. "साहेबांची माफी माग."

काझी सरांनी डबी बंद केली. मला म्हणाले, "मुला, मला तुझं खरं वाटत होतं." 'होतं' म्हणाले. मग पेनाचं टोपण काढून लिहायला लागले.

माफीपत्र प्राचार्यांनी सांगितलं, मी लिहिलं. छापल्यासारख्या अक्षरात. खाली आप्पांनी सही केली, निटूरकरनं बोट ठेवलं होतं तिथं.

*

आम्ही चालत घरी निघालो. मोंढा ओलांडला.

"काय सांगितलं त्यानं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोण?"

"आप्पा, मला येडा समजू नका."

ते चालत राहिले. "माफी लिहून दिली तर पास करत्यात. भांडलास तर बोर्डाकडं कागद जाईल, तीन वर्षं परीक्षेला बसू देणार न्हाईत. एवढंच सांगितलं."

"आणि तुम्ही ऐकलं."

"तीन वर्षं, हणमंता. तू काय करणार होतास तीन वर्षं?"

"खरा राहिलो असतो."

"खरं घेऊन काय करायचं असतं रे आपल्यासारख्यांनी? ते मास्तर हाय. तिथं चार खुर्च्या हायेत, त्या चारीबी त्याच्या हायेत. मी गाठ माझी म्हणलो असतो तरी त्यांनी म्हणलं असतं, बाप पोराचीच बाजू घेणार."

"म्हणू द्यायचं होतं. मी ऐकलं असतं. तुम्ही म्हणालात, हे ऐकायला लागलं."

आप्पा थांबले. रस्त्याच्या मधोमध. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "तुझं वर्ष वाचवलं मी," ते म्हणाले.

"मला वर्ष नको होतं. मला बाप पाहिजे होता."

हे मी बोललो. आज पुन्हा तसाच प्रसंग आला तरी हेच बोलेन. त्यात मला एक शब्द बदलायचा नाही.

प्रॅक्टिकलला मला काठावर पास केलं. लेखीला मी कॉलेजच्या यादीत तिसरा होतो. ग्रुप घसरला. शैलजा वट्टमवार औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेली. सकाळी डबीवर बसलेला तो मुलगाही गेला. निटूरकरची शिकवणी पुढच्या वर्षी दोन तुकड्यांची झाली.

जूनमध्ये मी भोसरीला गेलो. एका वर्कशॉपमध्ये वायंडिंगला लागलो, तेच एक येत होतं. सहा वर्षं आप्पांशी बोललो नाही. मायसाठी शेजारच्या दुकानात फोन करायचो. ती म्हणायची, "आप्पा इथंच उभे हायेत." मी फोन ठेवायचो.

भोसरीत मी ती गाठ सोडली नाही. मुकादम म्हणायचा, "पांचाळ, साधी मार ना, वेळ जातो." मी मुद्दाम मारायचो. रोज, प्रत्येक मोटारीला. चिडून. की बघा, ही आमची आहे.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात फोन उलटा आला. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

*

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. विकायचं होतं, त्याआधी आवरावं म्हणून. झाडू मारत होतो, तेवढ्यात लखुशेठ आले. डोक्यावरचे केस गेले होते, आवाज तोच. मागं हमाल, हमालाच्या डोक्यावर मोटार.

"वाईट झालं रे. देवमाणूस होता." खुर्चीवर बसले, घाम पुसला. मग जरा चाचरत म्हणाले, "ही वेळ न्हाई, पण दळण पडलंय. माघात तुझ्या बापानं बांधून दिली होती. सहा महिने झाले न्हाईत अजून."

"पावती?"

"हरवली. पण तूच बघ की. मिस्त्री बघायचा ना उघडून, तसं."

नांदेड रस्त्यावर आता तीन दुकानं झाली होती. मी बोल्ट काढले, झाकण उचललं. बॅटरी लावली. दोरा होता. गाठ साधी होती. कुणीही मारतं तशी. दोन वेढे आणि ओढलेली.

"ही आमची..." म्हणत होतो, आणि थांबलो. तारांची मांडणी बघत होतो. प्रत्येक खाचेत तार मोजून मापून बसवलेली, तारेखालच्या कागदाच्या कडा आत दुमडलेल्या. असा कागद दुमडणारा माणूस मला एकच माहीत होता.

फळीवर आप्पांनी बांधून ठेवलेल्या तीन मोटारी होत्या, गिऱ्हाइकं न्यायला आली नव्हती. तिन्हीला त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. मी एकेक उघडली. तिन्हीत साधी गाठ.

"शेठ, बसा जरा," म्हणालो आणि मागच्या दारानं घरात गेलो. माय गहू निवडत होती.

"माय, आप्पांनी गाठ कधीपासून बदलली?"

तिनं मान वर केली नाही. "तुझी परीक्षा झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"का?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, ती आपली न्हाई म्हणून सांगून आलोय. आता कशी मारू?" गव्हातला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "सहा वर्षांत एकदाबी मारली न्हाई. कधी कधी हात चुकून तसा वळायचा. मग दोरा कापून परत बांधायचे."

माझा राग गेला असं कुणी समजू नये. तो आजही आहे, जागच्या जागी आहे. मला हे सांगायला काय झालं होतं त्यांना? फोन उचलून, दुकानात येऊन, पत्र लिहून. सांगितलं असतं तर मी एकदा तरी येऊन त्यांच्याशी पोटभर भांडलो असतो.

दुकानात परत आलो. लखुशेठ माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हातारा कासावीस झाला होता. बांधायचे पैसे त्याच्याकडं नव्हते असं नाही, पण आपल्याला खोटं ठरवतील याची त्याला धास्ती.

"काय रे? न्हाई का तुमची?"

मी मोटारीत हात घातला. साध्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"आमचीच आहे," मी म्हणालो. "ठेवून जा."